सर्वांस दाखविले

मंगळवारी, सोळा डिसेंबरला, रात्री आठच्या सुमाराला सप्तापुरातले लाइट गेले आणि आमच्या पडवीत बसलेल्या पोरांना भुताची गोष्ट हवी झाली. पोरं आपलं म्हणायचं. श्रीनिधी माझ्या धाकट्या भावाचा मुलगा, सव्वीस वर्षांचा. दीपश्री त्याची बहीण, त्याच्याहून दोन वर्षांनी लहान आणि तोंडानं चौपट मोठी. "काका, खरी सांगा हं. चिंचेवरची हडळ नको," ती म्हणाली. मग माझ्या हाताकडं बघून म्हणाली, "आणि तो अंगठा अजून बरा नाही झाला? वर्ष होत आलं की त्या पट्टीला."

मी म्हटलं, अंगठ्याचं राहू दे, गोष्ट ऐक. हडळ मी पाहिलेली नाही. मी तीस वर्षं कॉलेजात ग्रंथपाल होतो, माझ्या ओळखीत सगळी माणसंच. पण त्यातल्याच एकाच्या बाबतीत जे घडलं, ते त्यानं स्वतः मला सांगितलंय. आणि घडलं ते ज्या कॉलेजात, तिथंच श्रीनिधी दहा-बारा दिवसांपूर्वी क्लार्क म्हणून लागलाय. कॉलेजचं नाव मी घेणार नाही. श्रीनिधी त्या दिवशी एरवीपेक्षा गप्प होता. नव्या नोकरीचा शीण असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही.

ज्याची गोष्ट आहे तो माणूस म्हणजे श्रीकांत जमखंडीकर. आमच्या ऑफिसचे हेडक्लार्क. स्वभावानं वाईट म्हणाल तर मुळीच नाही. कुणाला तोंडावर 'नाही' म्हणणं त्यांना कधी जमलं नाही, ते आपले 'मग बघू' म्हणायचे. रजा हवी, मग बघू. दाखला हवा, मग बघू. त्यांचं हे 'मग बघू' कॉलेजभर प्रसिद्ध होतं आणि आम्ही त्यावरून त्यांची चेष्टाही करायचो.

तर आमच्या कॉलेजात महिन्याच्या एक आणि सोळा तारखेला कर्मचाऱ्यांसाठी एक पत्रक निघतं. श्रीकांत ते टाइप करायचे. कुणाला डॉक्टरेट मिळाली, कुणाच्या घरी पाळणा हलला, शनिवारी डोळे तपासायचं शिबिर, पुढच्या आठवड्यात कर्मचाऱ्यांचे खेळ, त्यात बायकांना लिंबू-चमचा आणि पुरुषांना रस्सीखेच, गाड्या कुठं लावायच्या आणि कुठं लावल्या तर हवा सोडली जाईल. अशा सगळ्या बारीकसारीक बातम्या. हे पत्रक एका लांबड्या रजिस्टरात डाव्या पानावर चिकटवायचं. उजव्या पानावर चौसष्ट जणांची नावं, आणि प्रत्येकानं वाचून आपल्या नावापुढं सही करायची. आता व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप झाला, तरी रजिस्टर फिरतंच. सही घेतली की 'मला माहीतच नव्हतं' म्हणायची सोय राहत नाही ना.

ते रजिस्टर फिरवायचा बाबू मिराशी. रोज सकाळच्या गाडीनं अळणावरहून यायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं जायचा. बाबूची एक सवय होती. दारात आला की पेनाच्या टोपणानं रजिस्टरच्या पुठ्ठ्यावर दोनदा वाजवायचा, टक्‌ टक्‌, आणि म्हणायचा, "पत्रक आलंय. सही." वर्गात शिकवणारा मास्तरसुद्धा ते दोन ठोके ऐकून खिशातलं पेन काढायचा. चौसष्ट सह्या झाल्या की शेवटी, पानाच्या अगदी तळाशी, बाबू स्वतःची एक ओळ लिहायचा. पहिल्या वर्षी श्रीकांतनंच त्याला ती गिरवायला शिकवली होती, आणि ओळ वेगळी दिसावी म्हणून खंडेनवमीला जांभळ्या शाईचं एक पेन दिलं होतं. 'सर्वांस दाखविले. बाबू.' बस्स, एवढंच. महिन्यातून दोनदा, वीस वर्षं.

मात्र त्या चौसष्ट नावांत बाबूचं नाव नव्हतं. तो रोजंदारीवर होता आणि तीही कंत्राटदाराच्या हाताखाली. कंत्राटदार तीनदा बदलले, बाबू तोच राहिला. त्यानं घरोघरच्या बारशाच्या बातम्या आम्हाला दाखवल्या, पण त्याच्या घरी मुलगी झाली तेव्हा पत्रकात काही आलं नाही. येणारच नव्हतं, तो कर्मचारी कुठं होता!

गेल्या वर्षी फेब्रुवारीत कॉलेजनं ठरवलं, वीस वर्षं नोकरी झालेल्यांचा स्नेहसंमेलनात शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा. पाच नावं निघाली. बाबू श्रीकांतच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. "अण्णा, मलापण वीस झाली की. शाल नको. पत्रकात नाव तेवढं टाका. पोरीला दाखवीन." श्रीकांतनी खरोखर टाइप केलं सहावं नाव. प्राचार्यांनी लाल पेनानं काट मारली. कॉलेजच्या वकिलांनी बजावून ठेवलं होतं, रोजंदारीवाल्याचं नाव कर्मचाऱ्यांच्या यादीत छापून येता कामा नये, उद्या तोच कागद घेऊन तो कोर्टात उभा राहील.

आता हे बाबूला सांगायचं कसं? श्रीकांत म्हणाले, "छापील राहू दे बाबू. तू हे फिरवून आण. सगळ्यांच्या सह्या होऊ देत. शेवटची सही माझीच ना? ती करताना मी माझ्या हातानं तुझं नाव लिहितो."

ती सोळा फेब्रुवारी, शुक्रवार. बाबू त्या दिवशी रजिस्टर घेऊन ग्रंथालयात आला तेव्हा नुसता हसत होता. मी सही केली तर म्हणाला, "सर, खाली जागा सोडा हं थोडी. जमखंडीकर अण्णा माझं नाव लिहिणार आहेत." त्रेसष्ट सह्या झाल्या. तो श्रीकांतच्या खोलीशी आला तर खोलीला कुलूप. श्रीकांत मागच्या फाटकानं घरी गेले होते. नाव लिहिलं असतं तर प्राचार्यांनी फाडून खाल्लं असतं, आणि नाही म्हणायची त्यांच्यात हिंमत नव्हती. बाबू खोलीबाहेरच्या बाकावर बसला. अण्णा कुठंतरी गेले असतील, येतील. गाडीची वेळ टळली तरी बसला. सकाळी झाडणाऱ्या बाईला तो तसाच सापडला. मांडीवर रजिस्टर, टोपण काढलेलं पेन हातात. डॉक्टर म्हणाले, हृदय.

पुढच्या पत्रकात त्याच्या जाण्याची बातमी आली नाही. ती तरी कशी येणार!

त्याची बायको भारती कोर्टात गेली. बाबू कॉलेजचा माणूस होता एवढं मान्य करा आणि त्याच्या जागी मुलीला, अर्चनाला, घ्या, एवढंच मागणं. मुलगी बी.कॉम. झालेली, हुशार. पण पुरावा? कंत्राटदारांकडं काही नव्हतं. ती आमच्यातल्या एकेकाच्या घरी गेली. माझ्याकडंही आली होती, ह्याच पडवीत बसली होती. "सर, वीस वर्षं तुम्ही त्याला बघितलंय. तुम्ही येऊन तेवढंच सांगा." मी निवृत्तीला आलेला माणूस. कॉलेजशी वाकडं नको वाटलं. मी म्हटलं, बघू.

तेव्हा पुरावा एकच उरला. रेकॉर्ड रूममधली वीस रजिस्टरं. प्रत्येक पानाच्या तळाशी जांभळी ओळ.

कोर्टाची तारीख होती सोमवार, सोळा डिसेंबर. त्याच्या आधीच्या गुरुवारी प्राचार्यांनी श्रीकांतना बोलावलं. रजिस्टर हा शब्द त्यांनी तोंडातून काढला नाही. म्हणाले, "रेकॉर्ड रूममध्ये फार जुनी रद्दी साठलीय. सोमवारच्या आत बघून टाका." आणि श्रीकांत दाराशी पोचल्यावर म्हणाले, "हां, तुमच्या चेतनची फाइल पुढच्या आठवड्यात समोर येतेय बरं का." चेतन म्हणजे श्रीकांतचा मुलगा. आमच्याच कॉलेजात गणित शिकवायचा, दर वर्षी नव्यानं नेमणूक. पस्तिशी आली, लग्न ठरत नव्हतं. कायम झाला असता तर सगळंच मार्गी लागलं असतं.

म्हणून बारा डिसेंबरला, गुरुवारी, मार्गशीर्ष शुद्ध द्वादशीला, संध्याकाळी सव्वासातला श्रीकांत जेवणाआधी स्कूटर काढून निघाले. बायकोला, विमलवहिनींना, म्हणाले, "ऑफिसातून थोडी रद्दी आणतो. बंबात घालायला होईल." मालमड्डीतल्या त्यांच्या घरी मागच्या अंगाला न्हाणीघर आहे आणि तिथं अजून तांब्याचा बंब पेटतो. थंडीचे दिवस. बायकोला त्यात काही वावगं वाटलं नाही.

कॉलेजचा वॉचमन फाटकाशी शेकोटी करून मोबाइलवर नाटकातली पदं ऐकत होता. हेडक्लार्कना बघून त्यानं उठल्यासारखं केलं. चांदणं स्वच्छ पडलं होतं. आमची इमारत तू बघितलीच आहेस श्रीनिधी, दोन मजली, वर सगळे विभाग आणि खाली जिमखाना, ग्रंथालय, ऑफिस. जिन्याखाली रेकॉर्ड रूम. श्रीकांतनी दिवा लावला आणि एकेक रजिस्टर काढून पोत्यात भरायला लागले. धूळ होती, बाकी काही नव्हतं. त्यांचं म्हणणं, तोपर्यंत मनात भीती अशी नव्हतीच, नुसतं काम उरकायचं होतं. एक पोतं भरलं. त्याचं तोंड ते सुतळीनं बांधत होते.

वरच्या मजल्यावर वाजलं. टक्‌ टक्‌.

खिडकीचं दार वाजत असेल, असं त्यांना वाटलं. त्यांनी गाठ मारली. दुसरं पोतं घेतलं.

मग थोड्या वेळानं पुन्हा. टक्‌ टक्‌. ह्या वेळेला जरा पुढं, दुसऱ्या दारापाशी.

श्रीकांत थांबले. पहिला आवाज आला होता तो कन्नड विभागापाशी. तिथं पाच जण. पाच सह्यांना जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ गेला होता. आता इंग्रजी. तिथं चार. ते कान देऊन ऐकत राहिले. चौघांच्या सह्या व्हाव्यात इतका वेळ गेला... आणि पावलं पुढं सरकली. चपलेचा तोच आवाज. टाच न उचलता चालायची बाबूची तऱ्हा होती.

इतिहास. टक्‌ टक्‌. तिथं दोघी. पण थांबणं झालं ते एकाच सहीचं. आणि मग हलक्या आवाजात कुणीतरी म्हणालं, "बाई रजेवर."

शुभांगीबाई इतिहासाच्या. त्या सोमवारपासून रजेवर होत्या, मुलीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. बाबू जाऊन दहा महिने झाले होते. त्याला हे कसं कळावं?

श्रीकांतचे हात पोत्यात तसेच राहिले. वर गणित झालं. पदार्थविज्ञान झालं. रसायन. एकही विभाग सुटला नाही. रजेवरच्या बाई सोडल्या तर एकही सही राहिली नाही. वीस वर्षांचा क्रम. तोच.

मग पावलं जिन्यावर आली.

रेकॉर्ड रूम जिन्याखाली. म्हणजे डोक्यावर. एकेक पायरी. वरून थोडी माती त्यांच्या खांद्यावर पडली. ते वर बघेनात. जिमखाना... दोन सह्या. ग्रंथालय... दोन सह्या. त्यातली एक माझी. त्या वेळी मी इथं घरी भाकरी खात होतो, आणि तिथं माझी सही घेतली जात होती. ऑफिस... पाच.

आता एकच उरली.

बाहेर काही हललं नाही. दिवा चालूच होता. दाराखालच्या फटीतून व्हरांड्यातलं चांदणं दिसत होतं. त्या चांदण्यात मध्येच दोन काळे ठिपके आले. पावलांएवढे.

टक्‌ टक्‌.

"सही, अण्णा."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं ते मला म्हणाले. नेहमीचा होता. गाडी गाठायची असलेल्या माणसाचा. आणि श्रीकांतच्या तोंडून, त्यांच्या मनात नसताना, सवयीनं निघून गेलं, "मग बघू, बाबू."

...

मग पावलं मागं गेली. त्यांच्या खोलीबाहेरचा तो बाक करकरला. कुणीतरी बसलं.

बाहेर पडायला वाट एकच. बाकावरून. दोन पोती घेऊन श्रीकांत त्या बाकासमोरून गेले. ते मला म्हणाले, "मी बाकाकडं बघितलं नाही. खाली फरशीकडं बघत गेलो. फरशीवर बाकाची सावली होती. नुसत्या बाकाची नव्हती." फाटकाशी त्यांनी वॉचमनला विचारलं, वर कुणी आहे का? तो म्हणाला, "यारू इल्ला री." कुणी नाही.

घरी आले ते थेट मागच्या अंगाला. बंब पेटवला. न्हाणीघराचं मागचं दार आतून लावून घेतलं आणि एकेक रजिस्टर फाडून जाळायला लागले. पुठ्ठा लवकर पेटत नाही. पानं मात्र भराभर गेली. वीस वर्षांच्या बातम्या. पाळणे, डॉक्टरेटी, निरोप समारंभ, लिंबू-चमचे. आणि प्रत्येक पानाच्या तळाशी ती ओळ, ज्वाळेत काळी व्हायच्या आधी क्षणभर लखलखीत जांभळी. पाणी उकळायला लागलं. एकोणीस रजिस्टरं झाली.

विमलवहिनी स्वयंपाकघरातल्या दाराशी आल्या. "अहो, किती तापवताय? आणि बाहेर कोण आलंय ते बघा. फाटकाशी उभा आहे. पत्रक घेऊन आलोय म्हणतो. सहीला थांबलाय."

"कोण आहे?"

"अंधारात दिसलं नाही. डोक्यावरून मफलर गुंडाळलाय. आत या म्हटलं तर नको म्हणाला. गाडी आहे म्हणाला."

श्रीकांत म्हणाले, "तू आत जा. दार लाव." त्या गेल्या.

विसावं रजिस्टर त्यांच्या मांडीवर होतं. त्यांनी ते उघडलं. सोळा फेब्रुवारीचं पान. पाच नावांचा सत्कार. त्रेसष्ट सह्या. चौसष्टावी जागा रिकामी. तळाशी जांभळी ओळ नव्हती, कारण ती सगळ्यांच्या सह्या झाल्यावरच लिहायची असते.

मागच्या दारावर वाजलं. टक्‌ टक्‌.

त्यांच्या खिशाला पेन होतं. हे त्यांनी मला तीनदा सांगितलं. पेन खिशातच होतं. ते पान वाचवायचं, नाव लिहायचं, सही करायची, दार उघडून हातात द्यायचं. सोमवारी ते पान कोर्टात गेलं असतं तर अर्चनाला नोकरी लागली असती. दोन ओळींचं काम. त्यांनी पेन काढलंही.

मग त्यांना चेतन दिसला. समोर नव्हे, मनात. पस्तिशीचा मुलगा, दर जूनमध्ये नव्यानं अर्ज लिहिणारा.

टक्‌ टक्‌.

"अण्णा..."

त्यांनी पान फाडलं. पेटत्या बंबात घातलं. वर बाकीचं रजिस्टर घातलं. पुठ्ठ्यासकट.

बाहेर एकदम शांत झालं. लांबून अळणावरच्या गाडीची शिट्टी ऐकू आली, आणि तीही गेली. त्यानंतर दार वाजलं नाही. श्रीकांत पाणी पूर्ण निवेपर्यंत तिथंच बसून होते. अंघोळ मात्र त्यांना करवली नाही.

सोमवारी कोर्टात भारतीकडं दाखवायला काही नव्हतं. कॉलेजचे वकील म्हणाले, अशा नावाचा कुणी माणूस आमच्या कागदांत नाही. ते खरंच होतं. चौसष्ट जणांतलं एकही माणूस तिकडं फिरकलं नाही. मीही नाही. त्या दिवशी मी ग्रंथालयात पुस्तकांना नंबर घालत बसलो होतो. आता अर्चना अमरगोळच्या मार्केट यार्डात मिरच्या निवडते. बी.कॉम. झालेली मुलगी. मला तिची आठवण आली की लाज वाटते. बोलून दाखवतोय म्हणून ती कमी होत नाही.

आणि चेतनची फाइल? ती समोर आली आणि बाजूलाही गेली. जागा संचालकांच्या कुणा नातेवाइकाला मिळाली. प्राचार्य श्रीकांतना म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू."

इथं दीपश्रीनं मांडी बदलली. "संपली?" ती म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता.

मी म्हटलं, थोडी राहिलीय. एक जानेवारीला नवं पत्रक निघालं, कोऱ्या रजिस्टरात. फिरवायला आता मल्लाप्पा म्हणून नवा माणूस होता, नवलगुंदकडचा, मराठीचा गंध नाही. सगळ्यांच्या सह्या झाल्या, रजिस्टर श्रीकांतकडं गेलं. त्यांनी पान उघडलं आणि मला फोन करून बोलावून घेतलं. तळाशी जांभळ्या शाईत एक ओळ होती. 'सर्वांस दाखविले.' पुढं बाबूचं नाव नव्हतं. नावाएवढी जागा मोकळी सोडलेली होती.

मल्लाप्पाला विचारलं तर तो घाबरून म्हणाला, "नानल्ल री सर. नंग मराठी बरंगिल्ल." मी नाही, मला मराठी येत नाही.

ओळीत चूक काहीच नव्हती. वीस वर्षं तो सगळ्यांना दाखवत होता आणि आम्ही सगळ्यांनी बघितलं होतं. वाचून सह्या केल्या होत्या. आता ते नाव लिहिणं तेवढं आमच्याकडं राहिलं होतं. श्रीकांतनी पेन उघडलं, त्या मोकळ्या जागेवर टेकवलं, आणि टेकवूनच ठेवलं. शेवटी माझ्याकडं बघून म्हणाले, "कुणी बघितलं तर?" मी त्या जागेवर अंगठा ठेवून पान त्यांच्यापुढून सरकवलं. त्यांनी रजिस्टर मिटलं. सोळा जानेवारीला ओळ पुन्हा होती. एक फेब्रुवारीलाही. मी मे महिन्यात निवृत्त झालो, श्रीकांत जुलैत. आता ते चेतनबरोबर हुबळीत राहतात. माणसं ओळखत नाहीत. दार वाजलं की 'मग बघू, मग बघू' एवढंच म्हणतात, आणि उजवा हात शालीखाली लपवतात.

गोष्ट संपली होती. लाइट आले नव्हते. लांब कुठंतरी कुत्रं भुंकून थांबलं.

"काका," श्रीनिधी म्हणाला. "आज सोळा तारीख."

"हो."

"आज पत्रक फिरलं. माझी पहिलीच सही. खाली ती ओळ होती. मला वाटलं, कुणीतरी नाव लिहायचं विसरलंय. मी ओळीच्या टोकाशी, त्या मोकळ्या जागेवर असा अंगठा ठेवला... मल्लाप्पाला दाखवायला, की इथं काय यायला हवं..." तो थांबला. "शाई ओली होती."

दीपश्रीनं मोबाइलची बत्ती लावली. त्याच्या उजव्या अंगठ्याचं टोक जांभळं होतं.

"जाईल की. साबण लाव," ती म्हणाली.

"चारदा लावला. रॉकेल पण लावलं."

दोघंही माझ्याकडं बघायला लागली. मोठं माणूस आहे, काहीतरी सांगेल म्हणून. मी माझ्या अंगठ्यावरची पट्टी सोडली आणि हात बत्तीखाली धरला.